मुठीखालची तारीख

मिलर्सफोर्ड, ओहायो
५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

प्रिय डेलियास,

आशीर्वाद. तू बरी असशीलच. मीही बरा आहे. पत्राला कारण म्हणशील तर तसं काही नाही. नाताळच्या कार्डाला अजून अवकाश आहे, म्हटलं मध्ये एक पत्र टाकावं. अक्षराकडे फार बघू नकोस. हे पेन बँकेने फुकट दिलं आहे आणि फुकटाच्याच लायकीचं आहे.

इकडे पानं गळायला लागली. मी रोज सकाळी अंगण झाडतो आणि दुपारपर्यंत पुन्हा होतं तसं. शेजारच्या मिसेस प्रुइट काल कुंपणावरून म्हणाल्या, "एल्डन, तुम्ही पानं झाडताय की पानांशी बोलताय?" मी म्हटलं, दोन्ही. त्या हसल्या आणि संध्याकाळी बीन्सचं सूप देऊन गेल्या. मीठ नव्हतं. त्यांच्या घरी सगळ्यांनाच रक्तदाब आहे, त्यात माझं काय चुकलं?

व्हर्न क्लिंग मार्चमध्ये गेला. तुला कळवलं नव्हतं. आमच्या रिव्हॉल्व्हरवाल्यांच्या क्लबात एके काळी आम्ही अकरा जण होतो, आठवतं? दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पॅनकेकच्या हॉटेलात जमायचो आणि ग्लेंडा आमच्यासाठी दोन टेबलं जोडून ठेवायची. आज मी गेलो, तर तिने सवयीने दुसरं टेबल ओढायला घेतलं. म्हटलं, "राहू दे गं बाई. आजचा अध्यक्ष मीच, खजिनदार मीच आणि सभासदही मीच." ती म्हणाली, "मग ठराव काय पास केलात?" म्हटलं, "कॉफी गरम आण." तो ठराव मात्र एकमताने पास झाला.

आता बातमी. मी घर सोडतोय. सेंट मार्कच्या चर्चमागे म्हाताऱ्यांसाठी इमारत बांधली आहे, तिथे दीड खोली मिळाली. डिसेंबरात जायचं. तिथे बंदुका चालत नाहीत, कुत्री चालतात. मला कुत्रं नाही. त्यामुळे संग्रह विकायला काढला आहे. लिलाववाले मिस्टर टिबेट येऊन गेले, पांढरे हातमोजे घालून एकेक नग पाहिला. माणूस जाणकार आहे. प्रत्येक रिव्हॉल्व्हर हातात घेतल्याबरोबर आधी गोळ्यांची चक्री उघडून रिकामी आहे ना पाहायचा आणि चाप ओढण्याआधी माझ्याकडे बघून विचारायचा, "परवानगी आहे?" हल्लीच्या पोरांना एवढी रीत कुठे असते.

एकतीस नग आहेत. सगळी आता बनत नाहीत अशी मॉडेल्स. चौसष्ट सालचं कोल्टचं पायथन पाहून टिबेटने हातमोजे पुन्हा नीट ओढून घेतले. त्याच नावाची नवी निघतात म्हणे आता, चांगलीही असतात म्हणे. असतील. पण ह्याच्या आतला प्रत्येक तुकडा कुणीतरी बाकावर बसून, कानसीने घासून, पुन्हा लावून, पुन्हा काढून बसवलेला आहे. चाप ओढायला लागलं की घोडा मागे जातो, चक्री एक घर फिरते आणि कुलूप लागल्यासारखी जागेवर बसते. तो आवाज टिबेटने कान लावून ऐकला. मला त्याचा हेवा वाटला, कारण तो पहिल्यांदा ऐकत होता.

शनिवारी मी सगळ्यांना तेल देतो. एकेकीची चौकशी करतो. हसू नकोस, दुसरं कोण आहे घरात?

आणि हो, सांगायचं राहिलं. जत्रेच्या मैदानातल्या हॉलमध्ये सप्टेंबरात बंदुकांचं प्रदर्शन होतं. तिथे अडतीस बोराची एक स्मिथ रिव्हॉल्व्हर मिळाली. तुझ्या आजोबांची. तुला वाटत असेल की ती माझ्याच कपाटात आहे. मधली काही वर्षं ती माझ्याकडे नव्हती. ते जाऊ दे. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, बाकी विशेष काही नाही.

तुला हवी असेल तर कळव. नको असेल तर टिबेटच्या यादीत बत्तिसावी म्हणून जाईल. यादी पंधरा नोव्हेंबरला बंद होते.

थंडीत कान झाकत जा.

तुझे वडील,
एल्डन हार्टसॉक


मिलर्सफोर्ड
२६ ऑक्टोबर

प्रिय डेलिया,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. टपालखात्याला शिव्या देऊन पाहिल्या, पण त्यात दम नाही. टपालवाली बाई मला लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणते.

पहिल्या पत्रात मी काही खोटं लिहिलं होतं. पेन चांगलं आहे. हात वाईट आहे. दोन वर्षं झाली. डॉक्टरने लांबलचक नाव सांगितलं, अर्थ एवढाच की उजवा हात थरथरतो आणि तो आता असाच राहणार. घर सोडतोय ते त्यासाठी. कढईतलं तेल सांडलं, एकदा नाही, दोनदा.

तू दहा वर्षांची होतीस तेव्हा तळघरात मी तुला शिकवायचो, आठवतं का? रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर दहा सेंटचं नाणं ठेवायचं आणि चाप हळूहळू, एका दमात, शेवटपर्यंत ओढायचा. घोडा मागे जाऊन पडला तरी नाणं हलता कामा नये. क्लबातल्या बाप्यांची नाणी टणाटण खाली पडायची. तुझं कधी पडलं नाही. व्हर्न म्हणायचा, "पोरीने नाण्याला डिंक लावलाय." मी छाती काढून बसायचो. ते नाणं अजून खणात आहे. परवा ठेवून पाहिलं. चापाला बोट लावायच्या आधीच पडलं.

आता दुसरं खोटं. 'स्वस्तात मिळाली म्हणून घेतली.'

प्रदर्शनात मी काही घ्यायला गेलो नव्हतो. संग्रह विकायला काढलेला माणूस घेणार काय? नुसता माणसांत फिरायला गेलो होतो. एका कोपऱ्यात फुटकळ माल विकणाऱ्याचं टेबल होतं, डबीभर स्क्रू, जुनी होल्स्टरं, त्यातच ती पडलेली. दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. 'पुन्हा निळाई दिलेली. संग्रहाला नाही, वापराला बरी.' तुला माहीतच आहे, पोलादावरचा मूळचा निळसर मुलामा घासून नवा चढवला, की आमच्या लोकांत ते हत्यार जातीबाहेर टाकल्यासारखं. मी उचलली, चक्री उघडली, मुठीच्या बुडाचा नंबर वाचला. चष्म्याची गरज पडली नाही. तो नंबर मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे.

विकणारा म्हणाला, "बाबा, तिच्यात काय बघताय? तिला कुणीतरी घासूनपुसून नवरी करून ठेवलीय. पण एक सांगू? ज्याने कोणी केलीय त्याचा हात सोन्याचा होता. या कडा बघा, एक गोल झालेली नाही. अक्षरं बघा, एक पुसट नाही. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, हाताने केलेलं इतकं स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही."

मी खिशातलं भिंग काढलं आणि पाहिलं. डेलिया, मी तुला शपथेवर सांगतो, ते काम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. स्क्रूच्या भोकांच्या कडा करकरीत. नळीवरची पट्टी सरळ. निळाई इतकी खोल, की हॉलचे दिवे आत कुठेतरी लागल्यासारखे दिसत होते. वीस वर्षांपूर्वी ती माझ्या हातात दिली होतीस तेव्हा मी एवढंच पाहिलं, की जुनी निळाई गेली.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी कार्डांवर हवापाणी लिहितो, तू खाली 'डेलिया' लिहितेस. तुझ्या आईच्या अंत्यविधीला तू आलीस, मोटेलात उतरलीस, दुसऱ्या दिवशी गेलीस. मी म्हटलं होतं, "वरची खोली मोकळी आहे." तू म्हणालीस, "मोटेलचे पैसे भरलेत." मी एवढा मूर्ख, की म्हटलं, "मग ठीक आहे."

तर आज बोलतो. माझा पंचावन्नावा वाढदिवस. ऑगस्ट. तळघरात क्लबातले सात जण, व्हर्न धरून. तुझी कोलोराडोतली बंदूक-दुरुस्तीची शाळा नुकतीच संपली होती. मे महिन्यात तू आजोबांची स्मिथ 'मास्तरांना दाखवायला' म्हणून घेऊन गेली होतीस आणि मीच ऐटीत दिली होती. त्याच वसंतात मी क्लबाच्या पत्रिकेत दोन पानं लिहिली होती ना तिच्यावर: अडतीस साली कारखान्यातून निघाली, गावच्या पोलिसाच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, कमरेवर तेवीस वर्षं राहिली, मूळची निळाई, एकही स्क्रू कधी फिरवलेला नाही. लोक नावाजत होते. मी नाकाने कांदे सोलत होतो.

तू खोका दिलास. मी कागद फाडला. आत ती आरशासारखी.

"हे कुणी केलं?"

"मी," तू म्हणालीस. "तीन महिने लागले. यंत्र अजिबात लावलं नाही, डॅडी. सगळं हाताने." तुझ्या नखांत अजून काळं होतं.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, तुलाही असणार. तरी लिहितो, कारण ते कुणी कधी लिहिलेलं नाही. मी म्हटलं, "माझ्या बापाच्या अंगावर घासून जे झालं होतं ते तू तीन महिन्यांत पुसून टाकलंस. शाळेत हेच शिकवतात का, वाटोळं करायला? चला, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवायला झाली." व्हर्न हसला. मग सगळे हसले. आणि मग, डेलिया, मीही हसलो. जिभेला हाड नसतं हे खरं, पण हसायला मला कुणी सांगितलं होतं?

तू म्हणालीस, "केक कापायचा ना?" आणि सगळ्यांना केक वाढलास. मलासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी गाडी नव्हती. पुढे कळलं, ओरेगनला गेलीस, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्यांकडे लागलीस. बंदुकीला पुन्हा हात लावला नाहीस. तो सोन्यासारखा हात कवळ्या घासतो आहे, तो माझ्यामुळे.

आणि मी काय केलं? पुढच्या वसंतात ती रिव्हॉल्व्हर एका व्यापाऱ्याला देऊन बदल्यात एका कोल्टचा रिकामा खोका घेतला. खोका! तुझ्या आईने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी म्हणत राहिलो, मूळचा खोका मिळत नाही गं कुठे.

आता खरं सांगायचं ते.

घरी आणल्यावर मी तिला साफ करायला बसलो. म्हटलं, मुठीच्या लाकडी पट्ट्या काढून आत गंज चढलाय का बघू. तो स्क्रू मी आयुष्यात कधी फिरवला नव्हता. कधी न फिरवलेला स्क्रू हीच तर माझी फुशारकी होती. त्या दिवशी फिरवला. हात असा, त्यामुळे वीस मिनिटं लागली. पट्ट्या निघाल्या. गंज नव्हता, तू आतूनही तेल दिलं होतंस. आणि डाव्या बाजूला, लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या पोलादावर, लहान आकडे ठोकलेले दिसले. सहा, एक्कावन्न.

तुला अर्थ सांगायला नको. जून १९५१. कारखान्यात परत आलेल्या हत्याराला नव्याने निळाई दिली की तिथे ती तारीख ठोकतात. बाहेरून काही कळत नाही. त्यांचे स्क्रूड्रायव्हर खाचेत असे चपखल बसतात, की स्क्रूवर चराही उठत नाही.

कॉफी गार झाली. माझा बाप कधीच म्हणाला नव्हता की तिला हात लागलेला नाही. तो फक्त म्हणायचा, "हिला मी नीट ठेवलीय." बाकीचं सगळं मी रचलं. त्याला ती झिजलेली नकोच होती! त्याने ती पेटीत घालून स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात धाडली आणि चकचकीत करून आणली. त्यानंतरची दहा वर्षांची झीज खरी होती, तेवढं माझं म्हणणं राहू दे. पण माझ्या बापाने जे दाम देऊन करून घेतलं, तेच तू बापासाठी हाताने केलंस.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली.

निळाई द्यायची तर मूठ सोडवावीच लागते. पट्ट्या तू काढल्या होत्यास. तारीख तू पाहिली होतीस. तू तळघरात उभी होतीस, सात जण तुला हसत होते, मी छाप पाडून बसलेला मोठा जाणकार, आणि तुझ्याकडे एक वाक्य होतं. "डॅडी, मूठ सोडव आणि बघ." एवढंच म्हणाली असतीस तर ते सगळे माझ्याकडे बघून हसले असते. माझी दोन पानं, माझी कॉलर, सगळं तिथल्या तिथे धुळीला मिळालं असतं.

तू केक वाढलास.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ वीस वर्षं तू झाकून ठेवलीस आणि मी तुला पत्र टाकतो ते हवापाण्याचं.

मी चुकलो, डेलिया. फार वाईट वागलो. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली आणि आज पाच कागद फाडावे लागले.

ती यादीत जाणार नाही. तुझ्या हातात नुसती ठेवता येत नाही, कायदा आहे, दोन राज्यांचा मामला. म्हणून इथल्या बंदुकांच्या परवानेवाल्या दुकानदारामार्फत तुझ्या गावातल्या लेलँडच्या दुकानात पाठवतोय. तू जाऊन सही केलीस तर तुझी. तीस दिवसांत कुणी आलं नाही तर तो परत पाठवणार, तसं त्याने बजावलंय. परत आली तर मी समजेन. तुला राग धरायचा हक्क आहे, तो मी मागून घेत नाही.

तुझा,
एल्डन


मिलर्सफोर्ड
५ डिसेंबर

प्रिय पोरी,

आधी कबुली देतो. मी तुझ्यावर पाळत ठेवली होती. लेलँडला दर दोन दिवसांनी फोन करायचो. दहाव्या दिवशी तो म्हणाला, "हार्टसॉक साहेब, ती आली तर मी स्वतः फोन करीन. तुम्ही कॉफी प्या." विसाव्या दिवशी म्हणाला, "साहेब, अजून आली नाही, आणि माझी बायको विचारतेय हा ओहायोवाला माझा कोण लागतो." पंचविसाव्या दिवशी मी फोन केला नाही. परत येणाऱ्या पेटीसाठी कपाटात जागा मोकळी करून ठेवली. मिसेस प्रुइट म्हणाल्या, "एल्डन, सूपाला हात लावला नाहीत?" म्हटलं, मीठ नाही त्यात. त्या म्हणाल्या, "आजवर कधी होतं?"

एकोणतिसाव्या दिवशी लेलँडचाच फोन आला.

तो सांगत होता ते मी मधे न बोलता ऐकलं, हे माझ्या बाबतीत केवढं आहे ते तुला माहीत आहे. म्हणाला, "ती आली, कागद भरले, तिच्या नावाच्या तपासणीचा निरोप येईपर्यंत उभीच होती. मग मी पेटी समोर ठेवली. तिने उचलून आधी चक्री उघडली. मग खिशातून स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला. साहेब, लाकडी मुठीचा, जुना, हाताने घासून बसवलेला. तिथेच काउंटरवर मूठ सोडवली. डाव्या पट्टीच्या आतली बाजू उजेडात धरली. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पट्टी बसवली, स्क्रू लावला, धन्यवाद म्हणाली आणि गेली. पण गाडी सुरू केली नाही. अर्धा तास आत बसून होती. मी काचेतून बघत होतो. शेवटी माझी बायको म्हणाली, जाऊन विचारू का, तेवढ्यात ती गेली."

तू तो शाळेतला स्क्रूड्रायव्हर टाकून दिला असशील असं मी धरून चाललो होतो.

तू जे वाचलंस ते मी सप्टेंबरातच लिहिलं होतं. कारखान्यातले लोक उजव्या पट्टीच्या आत नंबर घालतात, डावी कोरी असते. त्या कोऱ्या लाकडावर मी पेन्सिलीने लिहिलं: 'निळाई डेलिया हार्टसॉकच्या हातची, २००४.' जन्मभर मी लोकांना सांगत आलो की जुन्या हत्यारावर टिंबसुद्धा काढायचं नाही. काढलं. टिबेटला सांगितलं तेव्हा त्याचे हातमोजे गळायचे बाकी होते. म्हणाला, "तुम्ही? हार्टसॉक, तुम्ही?"

आणि काल तुझं कार्ड आलं. टपालवाली बाई लांबूनच ते डोक्यावर धरून नाचवत आली.

चारच ओळी. मी मिसेस प्रुइटना वाचून दाखवल्या, टिबेटला फोनवर वाचून दाखवल्या आणि ग्लेंडाला हॉटेलात जाऊन वाचून दाखवल्या. आता इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही कळेल:

'तारीख दिसली होती. पण तुझे मित्र समोर होते. मुठीचा स्क्रू काढताना तुझा हात घसरलाय, खाचेपाशी ओरखडा आहे. मला तो दोन मिनिटांत काढता येईल. काढणार नाहीये, तसाच ठेवतेय.'

तो ओरखडा मी तुला सांगितला नव्हता. बाकी सगळं सांगितलं आणि तेवढंच लपवलं. मी, ज्याने एकदा व्हर्नच्या रिव्हॉल्व्हरवर केसाएवढा चरा पाहून महिनाभर त्याला उभं जाळलं होतं. स्क्रूड्रायव्हर घसरला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. तुझ्या एवढ्या कामावर एकच डाग, आणि तो माझ्या हातचा. वाटलं, घासावा हलक्या हाताने. पण हलका हात उरलाय कुठे. म्हटलं, तिला काय दिसतंय.

तुला नाही दिसणार तर कुणाला.

लिलाव गेल्या शुक्रवारी झाला. एकतीसच्या एकतीस गेल्या. पायथन नेणारी एक बाई होती, साधारण तुझ्या वयाची. तिने चाप ओढण्याआधी टिबेटकडे नाही, मागच्या खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तिने डोळे मिटून चाप ओढला. चक्री बसल्याचा आवाज मला मागपर्यंत आला. घर आता फार शांत आहे. शनिवारी तेलाची बाटली काढली आणि परत ठेवली.

सोमवारी दीड खोलीत जातो. खिडकीतून चर्चचा वाहनतळ दिसतो. पाहुण्यांसाठी खाली एक खोली ठेवली आहे, पलंग बरा आहे, मी बसून पाहिलं. पैसे आधी भरावे लागत नाहीत. मी काही म्हणत नाही. फक्त खोली आहे असं कळवतो.

दहा सेंटचं नाणं पाकिटात घातलंय. ते माझ्याकडे नुसतं पडतं.

खाली सही करताना हात दोनदा उडाला, ती वाकडीतिकडी आली आहे. हा कागद फाडून दुसरा घेणार होतो. नाही घेत. तशीच ठेवतोय.

तुझा
डॅडी